खुलासा: सिझेरियननंतरच्या नॉर्मल डिलिव्हरीचा मेसेज

‘सिझेरियननंतर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (मूळच्या स्पॅनिश भाषिक देशांतल्या) बायकांची नॉर्मल डिलिव्हरी सहसा होत नाही, शरीराची ठेवणच तशी, अमेरिकेतलं कॅल्क्युलेटर सांगतं’ हा मेसेज चुकीचा आहे. २००७ चं ते कॅल्क्युलेटर सिझेरियननंतर नॉर्मल डिलिव्हरी होण्याची शक्यता टक्क्यांत सांगायचं. त्यात ‘कृष्णवर्णीय आहे का, हिस्पॅनिक आहे का’ असा वंशाचा रकाना होता. वय, वजन, आधीची बाळंतपणं सगळं तेच ठेवून फक्त तिथे ‘हो’ केलं की टक्केवारी खाली यायची. मूळ अभ्यासात नॉर्मल डिलिव्हरीचा लग्न आणि आरोग्य विम्याच्या प्रकाराशीही संबंध दिसला होता. ते गाळले, वंश मात्र ठेवला. म्हणजे कमी आकडा हा शरीराच्या ठेवणीचा पुरावा नव्हता. आकडा कमी आला म्हणून बाईला प्रयत्नाची संधीच नाकारली जाणं, हा मोठा अन्याय आहे. २०२१ मध्ये त्याच संशोधन-गटाने वंशाचा रकाना काढून नवं कॅल्क्युलेटर दिलं. दोन्ही शोधनिबंध वाचून हे लिहिते आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.