गणनेत शहर, कारभारात गाव

फोंडा तालुक्यातील ज्या वाड्यावर मी लहानाचा मोठा झालो, तिथे पूर्वी कुळागरे होती. आता चार-चार मजली इमारती आहेत. माडा-पोफळींना पाणी पोचवणारा जुना पाट अर्धा बुजला आणि उरलेल्या भागाचे गटार झाले. गेल्या जुलैत एका इमारतीची सेप्टिक टाकी भरून वाहू लागली, तेव्हा ते पाणी याच पाटातून खालच्या घराच्या तुळशीवृंदावनापर्यंत पोचले. त्या घरातील काकी दोन दिवस विटांवर पाय ठेवत अंगण ओलांडत होत्या. पंचायतीने तक्रार नोंदवून घेतली, परंतु तिच्याकडे ना मैला उपसणारा टँकर होता, ना अभियंता. अखेर वर्गणी काढून आम्ही खासगी टँकर बोलावला.

सचिवांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी आहे. पण त्या गणनेतील ७० शहरांपैकी ५६ ही केवळ ‘जनगणना शहरे’ होती. पाच हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश बिगरशेती व्यवसायात, एवढे निकष पुरे झाले की गणनेत गाव शहर ठरते, कारभार मात्र पंचायतीकडेच राहतो. सांग्याला पालिका आहे आणि त्याहून कितीतरी मोठ्या कळंगुटला पंचायत.

मग पालिकाच करा, असे अनेकजण सुचवतात. घरपट्टी वाढेल म्हणून लोक त्याला विरोध करतात, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न ग्रामसभेचा आहे, कारण पालिका झाली की ग्रामसभा राहत नाही. पालिकेत वॉर्डांच्या पातळीवर काम करणाऱ्या प्रभाग समित्या राज्यघटनेने बंधनकारक केल्या आहेत त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या पालिकांना, आणि गोव्यात तेवढी मोठी पालिका एकही नाही. इमारतीच्या परवान्याबद्दल सरपंचांना सर्वांसमोर जाब विचारण्याची हक्काची जागा गेली, तर तिच्या बदल्यात आपल्याला काय मिळणार?

ग्रामसभा राहू द्यावी आणि शेजारच्या तीन-चार पंचायतींना मिळून सरकारने एक अभियंता, एक टँकर व कायम सफाई कामगार द्यावेत. सांडपाण्याची सोय प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज नव्या इमारतीला निवासी दाखला देऊ नये. येत्या ग्रामसभेत हा ठराव मी लेखी मांडणार आहे. वाड्यावरील प्रत्येक घरातून निदान एकाने तरी त्या दिवशी हजर राहावे.