पाईप कोणता टाकायचा यापेक्षा तो कुठून नेताय ते बघा

दादा अमळनेरजवळ गावी घर बांधतोय आणि गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चालूये, पाईप कोणता टाकायचा. आप्पा म्हणता लोखंडी जीआयच (जस्ताचा मुलामा दिलेला) टाका, मजबूत असतो, चुलतभाऊ म्हणतो तांब्याचा टाक, पाणी शुद्ध राहतं, प्लंबर सीपीव्हीसीवर, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकवर, अडून बसलाय आणि वहिनी म्हणते काहीही टाका पण आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं मशीन, पहिल्या दिवसापासून पाहिजे. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, अकरा वर्ष झाली, मला विचारलं तिकडे काय टाकता. त्याचं उत्तर ग्रुपवर मावत नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

इथे जुन्या घरांत तांबंच जास्त, नव्यात प्लास्टिक. पण आम्ही घेतलेलं घर १९३० च्या आसपासचं, आणि १९७० च्या आधीच्या घरांत रस्त्यापासून आत येणारा पाईप शिशाचा असू शकतो हे मला घर घेतल्यावर कळलं. प्लंबरने जिन्याखालचा पाईप नाण्याने खरवडला, आतून मऊ आणि चकचकीत निघाला, म्हणजे शिसं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, लहान पोरांच्या मेंदूला शिसं किती वाईट ते माहिती होतं, त्या रात्री झोप नाही आली. इथे पाणी पुरवणाऱ्या कंपन्या पाण्यात फॉस्फेट घालतात, त्याने शिशाच्या पाईपला आतून थर धरतो आणि शिसं पाण्यात कमी उतरतं, पण आपल्या हद्दीच्या आतला पाईप बदलायचा खर्च आपलाच. आम्ही अंगण खोदून निळा पॉलिथिलिनचा पाईप टाकला. म्हणजे बघा, जळगावला जे पाईप बनतात त्याच घराण्यातला. खान्देशी माणसाने प्लास्टिकच्या पाईपला कमी लेखायचं काही कारणच नाही.

आता आप्पांचा जीआय. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं, जुन्या घरातला पाईप दादाने कापला तेव्हा आतलं भोक करंगळी जाईल एवढंच उरलं होतं, बाकी सगळा गंज आणि पांढरा थर. तांबं चांगलं पण पैसा फार जातो आणि जोड नीट करणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो. माझं मत सीपीव्हीसी, कारण सोलरचं गरम पाणी त्याला चालतं, साध्या यूपीव्हीसीला चालत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत गच्चीवर नुसतं टाकीचं पाणीच हात भाजेल असं होतं. गच्चीवर जो भाग उघडा राहील त्याला रंग नाहीतर कव्हर, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. आयएसआय मार्क बघूनच घ्यायचा. पूर्वी पीव्हीसी पाईप बनवताना शिशाचा वापर सर्रास असायचा, तो बंद करायला केंद्राने २०२१ ला नियम काढलाय, म्हणून दुकानदाराला लेड-फ्री आहे का हे विचारायला लाजू नका. रिसायकल मालाचा स्वस्त पाईप शेतात ठीक आहे, पिण्याला नको.

पण खरं दुखणं पाईपात नाहीये. इंग्लंडमध्ये नळात चोवीस तास पाणी दाबाने असतं, त्यामुळे पाईपला बारीक चीर पडली तर पाणी बाहेर जातं, बाहेरची घाण आत येत नाही. गावी पाणी चौथ्या दिवशी येतं. माझी माय सकाळी उठली की पहिला प्रश्न, नय उना का? म्हणजे नळ आला का? मधले तीन दिवस पाईप रिकामा, आणि आमच्या गल्लीत सगळ्यांची कनेक्शनं गटारीतूनच गेलेली, काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून जोड हलतात, आणि नळ आला की घरोघरी टिल्लू मोटर (नळाला लावायचा छोटा पंप) लावून ओढायला सुरुवात, म्हणजे गटारीतलं पाणी आपण स्वतःच आत खेचतो. पाईप तांब्याचा असो नाहीतर सोन्याचा, काय फरक पडणार. टिल्लू लावणाऱ्याला मी शिव्या देत नाही, त्याला दुसरं पाणी नाही, पण पोरांना कावीळ होते ती अशाच पाण्यातून.

आणि आरओ. वहिनीकडे विकायला आलेल्या माणसाने दोन सळ्या पाण्यात घालून करंट दिला, पाणी तपकिरी झालं, वहिनी घाबरली. अहो ती लोखंडाची सळईच विरघळते, क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात असंच होतं, वाईट पाण्याचा तो पुरावा नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या मीटरलासुद्धा जंतू दिसत नाहीत, शिसं किंवा नायट्रेट किती तेही वेगळं कळत नाही. घरचा आरओ एक ग्लास देताना दोन-तीन ग्लास मोरीत सोडतो, आणि हे आपण चौथ्या दिवशी नळ येणाऱ्या गावात करतोय! टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओ नकोच असं हरित लवादाने २०१९ ला सांगितलंय. रेडिंगचं पाणीही जड आहे, चुनखडीतून येतं, किटलीला पांढरा थर बसतो, तरी आम्ही नळाचंच पितो. मुतखड्याचं म्हणाल तर उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणं हे मोठं कारण आहे, सगळं क्षारावर ढकलू नका.

पण बोअरमध्ये नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं, केळी-कापसाच्या खतांमुळे निघू शकतं, तर मात्र आरओ हवाच, कारण उकळून नायट्रेट जात नाही. आधी तपासणी, मग मशीन. इंग्लंडमध्ये पाणी कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की आपल्या भागाच्या पाण्याचा रिपोर्ट फुकट दिसतो. आपल्याकडे भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या लॅब आहेत, केंद्राच्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायांना तपासणीचे किटसुद्धा दिलेत, पण आमच्या वीस नातेवाईकांत कुणीच पाणी कधी तपासलेलं नाही. इथलंही सगळं सोन्याचं नाही बरं का, २०२४ ला डेव्हनमध्ये ब्रिक्सहॅमला पाण्यात परजीवी निघाला आणि लोक कित्येक आठवडे पाणी उकळून पीत होते. फक्त इथे त्यावर आरडाओरडा झाला, कंपनीला जाब द्यावा लागला.

तर दादाला मी सांगितलंय, घरात सीपीव्हीसी टाक, स्वयंपाकघराची लाईन वेगळी ठेव, हौदाला घट्ट झाकण आणि उलटं पाणी जाऊ नये म्हणून वॉल्व्ह, आणि वाचलेला पैसा कनेक्शन गटारीतून काढून वरून न्यायला लाव. बोअरच्या पाण्याची बाटली परवा लॅबला गेली. खोदकाम सोमवारी आहे, शेजारची तीन घरंही कनेक्शन हलवायला तयार झालीत, चौथ्या घरचे काका अजून नाही म्हणताहेत, त्यांच्याकडे आज संध्याकाळी आप्पा स्वतः जाणार आहेत.