माल्टाला या, पण आधी हे वाचा

आज सकाळपासून माल्टाचा, भूमध्य समुद्रातल्या या चिमुकल्या बेटांच्या देशाचा, तोच रील प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. निळाशार समुद्र, पिवळ्या दगडाची घरं आणि आपल्याच मराठीत एक पोरगा सांगतोय, "बारा महिने ऊन, हिवाळा नाहीच, युरोपात सेटल व्हा!" त्यावर दुपारी आतेभावाचा फोन. "ताई, पोराला तिकडंच धाडतो, एजंटला द्यायला शेत गहाण टाकतोय." डोकंच फिरलं माझं.

हिवाळा नाही? जानेवारीत या की. बाहेर रात्री नऊ-दहा अंश, आणि घरात त्याहून गारठा, कारण हीटिंग नाही. दगडी भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी. इथल्या वृद्धाश्रमात नर्सची ड्यूटी करून घरी आले की स्वेटर घालून झोपते मी.

आणि पाणी! 316 चौरस किलोमीटरचा देश, मुंबईपेक्षाही लहान, लोकसंख्या पाच लाखांच्या वर आणि नदी एकही नाही. पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते मार्चमध्ये, उन्हाळ्यात थेंब नाही. नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, म्हणजे पाण्यालाही वीज लागते.

आमच्या शेजारच्या आजींच्या अंगणाखाली खडकात खोदलेलं टाकं आहे, गडावर असतं तसं. गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात उतरतं. पूर्वी इथली राजधानी व्हॅलेटा वसवताना घर बांधणाऱ्याला टाकं खोदावंच लागे. जुनी माणसं खुळी नव्हती.

जुलै 2023 आठवतो. पारा चाळिशीपार, जमिनीखालच्या केबल तापून निकामी झाल्या आणि दिवसदिवस वीज गेली. पंप बंद, नळ कोरडे. गल्लीतली डिलिव्हरीवाली पोरं, आपलीच, केरळची, पंजाबची, घामानं थबथबलेली, रिकाम्या बाटल्या घेऊन फिरत होती. आजींनी अंगणाचं दार उघडलं, बादली सोडली आणि एकेकाच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. आजी आपल्या माल्टी भाषेत काय पुटपुटत होत्या मला कळलं नाही, पण ती पोरं रडायच्या बेताला आली होती.

बरं, वाईटच आहे सगळं असं नाही. इंग्रजीवर भागतं, रात्री-अपरात्री एकटी चालत घरी येते, रहिवाशाचं बसकार्ड असलं की बस फुकट. मान्य.

पण किमान वेतन 2025 मध्ये आठवड्याला साधारण 222 युरो, आणि एका खोलीच्या फ्लॅटचं भाडं त्यातला बहुतेक हिस्सा गिळतं. हे रीलमध्ये का नाही रे सांगत? शेत गहाण टाकणाऱ्या बापाला हे कळायला नको?

सगळ्यात जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. आजींच्या पलीकडचं जुनं घर पाडलंय. तिथलं टाकं, तसंच खोल, मातीमुरुमानं बुजवलं. ट्रकनं भराव ओतताना मी गच्चीवरून पाहिलं. आजी दारात उभ्या राहून बिल्डरच्या माणसाशी भांडत होत्या, पण तो फोनमधून डोकं वर काढेना. आता तिथं पाच मजले उभे राहतायत. गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या, पाणी चढवायला विजेचे पंप. आणि राहणार कोण? आपलीच पोरं, एकेका खोलीत चार-चार जण, त्याच पगारावर.