मुलाला इंजिनीअर करताना घ्यावयाची काळजी

पालकहो, सीईटीचा निकाल लागलाय, पेढे वाटून झालेत आणि आता तुम्ही ऑप्शन फॉर्म भरायला बसला असाल. या वाटेनं मी २०१९ मध्ये गेलो (अजून परतलेलो नाही), म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी.

सर्वप्रथम, हिशेब करू नका. हिशेब करणारा बाप पोराच्या आयुष्याच्या आड येतो, असं मेहुण्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी मला बजावलं होतं.

कॉलेज निवडताना फ्लेक्स बघा. त्यावर हायेस्ट पॅकेज असतं, ते एका मुलाचं. बाकीच्यांचं तुम्हाला माहीत आहेच. वर्षाला तीन लाख छत्तीस हजार.

'प्लेसमेंट असिस्टन्स' यातला दुसरा शब्द वाचू नका.

कर्ज साडेसात लाखांच्या आत बसवा, म्हणजे घर गहाण पडत नाही. नुसत्या बापाच्या सह्या लागतात. मी एकोणीस केल्या. सोबत विम्याची पॉलिसी 'कंपल्सरी' आहे म्हणाले, तीही घेतली. कुठल्या नियमात लिहिलंय असं विचारायचं नसतं, फाईल मागे राहते.

मोरॅटोरियमचा काळ मजेत घालवा. कोर्सची चार वर्षं आणि वर एक, हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, ही श्रद्धा मी पाच वर्षं जपली. दर वर्षी १,८५,००० असे ७,४०,००० उचलले. साडेदहा टक्क्यांनी, तेही सरळव्याजानं, हप्ता सुरू होईतो वर २,७१,९५० चढले. दहा वर्षांच्या फेडीला हप्ता बसला १३,६५५. चिरंजीवांच्या हातात पडतात साडेबावीस हजार. हिंजवडीत खोलीचे सहा, मेसचे साडेतीन. करा वजाबाकी. बसचा पास मी काढून देतो.

शैक्षणिक कर्जावरची आयकराची सूट मात्र सोडू नका, व्याजावर आठ वर्षं मिळते. फक्त पोरगा फेडत असेल तर त्याला कर बसण्याइतका पगार हवा, आणि त्यानं जुनी करप्रणाली निवडायला हवी.

सरकारी योजनेवर भरवसा ठेवा. पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तोवर आमचे चिरंजीव पास होऊन सव्वा वर्ष झालं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कर्ज लवकर फेडायला चुकूनही जाऊ नका. मी गेलो. जुन्या विम्याचे ऐंशी हजार आले होते, म्हटलं मुद्दलात टाकू, व्याज तरी कमी होईल. पहिल्या दिवशी लिंक नव्हती. दुसऱ्या दिवशी लिंक होती, पण लोनचं बघणाऱ्या मॅडम ट्रेनिंगला गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पैसे घेतले, शिक्का मारला, मी खूश. पासबुकाचं मशीन बंद. चार दिवसांनी भरून आणलं तर मुद्दल होतं तिथंच! ऐंशी हजार आगाऊ हप्ते म्हणून ठेवलेले. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "बरंय की काका, पाच महिने टेन्शन नाही." अरे, मी टेन्शन घालवायला आलो होतो का? "आणि व्याज?" तर म्हणे सिस्टिम तसंच घेते. मग अर्ज द्या. दिला. याच्यावर मुलाची सही पाहिजे, तुम्ही को-ॲप्लिकंट. मुलगा पुण्याला, मी साताऱ्यात, आणि त्यानं सुट्टी काढली तर पगार कापतात. कर्ज देताना बाप चालला ना? एकोणीस ठिकाणी चालला! पैसे भरताना पोरगा लागतो. आणि हप्ता दोन दिवस लांबला की सकाळी साडेआठला फोन कुणाला येतो? मला! तेव्हा मी पक्का कर्जदार!

जाऊ दे. बँक बँकेसारखी वागली. बोलायचंय ते तुम्हाला, आणि त्यात मीही आलो. दहा लाखांचा व्यवहार आपण फ्लेक्स बघून करतो. नातेवाइकांत सांगायला 'इंजिनीअरिंगला आहे' हे वाक्य हवं असतं, त्याची किंमत पोरगं तिशी उलटेपर्यंत भरत बसतं. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेजांच्या क्रमवारीला, कॉलेजं स्वतः माहिती देतात, ती नेटवर फुकट पडलेली असते. किती पास झाले, कितीजण नोकरीला लागले आणि मीडियन पगार किती, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमधच्या पोराला काय मिळतं ते. पाच मिनिटांचं काम. मी ते पहिला हप्ता गेल्यावर केलं. तुमचं कॉलेज त्यात नसेल तर मागच्या वर्षी पास झालेल्या चार पोरांना फोन लावा. टॉपरला नको, मधल्यांना. आणि हप्ता आजच काढा, व्याज धरून, पोरासमोर बसून. त्याला कळू दे.

काल समोरच्या बिल्डिंगमधले गृहस्थ मुलीसाठी ब्रोशर घेऊन आले. हायेस्ट चव्वेचाळीस लाख. मी पासबुक पुढं केलं, त्यांनी उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, आमच्या मुलीचं तसं नाही होणार हो, ती हुशार आहे. अहो, आमचा काय ढ होता का? पण नाही बघायचं तर नका बघू. जा, करा सह्या. पेन तेवढं घरून न्या, त्यांच्याकडचं दोरीला बांधलेलं उमटत नाही.