मॅन्युअल लिहिणाऱ्यांनो, प्रोसेसर म्हणजे नेमकं काय, ते एकदा लिहा की!

डोक्याचं पार भजं झालंय. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. महिनाअखेर, बिलिंगचं सॉफ्टवेअर मुंगीच्या पावलानं चाललेलं, आणि खाली कास्टिंग भरलेला टेम्पो चलनासाठी दुपारपासून थांबलेला. बिलिंग चालतं व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला कॉम्प्युटर. त्याला चार प्रोसेसर होते, मी आठ केले. मशीन बंद करून परत चालू केलं. काडीचा फरक नाही! मालक डोक्यावर येऊन उभे. "अरे, डबल केलंस न्हवं? मग चलन का निघंना?"

त्या मशीनच्या विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला. सॉकेट्स 2, व्हर्च्युअल प्रोसेसर्स 2. दिलेत आठ आणि दिसतात दोन. बाकीचे सहा गेले कुठं?

दोन रात्री जागून मॅन्युअल वाचलं. एका पानावर ‘कमाल प्रोसेसर’, दुसऱ्यावर ‘सीपीयू’, तिसऱ्यावर ‘व्हीसीपीयू’. अरे पण प्रोसेसर म्हणजे कुठला? मदरबोर्डवरचा सॉकेट, त्यात बसलेल्या चिपमधला काम ओढणारा कोर, का कोरवर चालणारा थ्रेड? तीन वेगळ्या गोष्टी आहेत राव! एकच शब्द तिन्हीला चिकटवायचा आणि वाचणाऱ्यानं अंदाज बांधत बसायचं?

त्या मशीनवरचं विंडोज 10 प्रो दोनच सॉकेट वापरतं, त्यांच्यातले कोर मात्र भरपूर चालतात. आणि आमच्या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरनं ‘आठ प्रोसेसर’ म्हटल्यावर गुपचूप आठ सॉकेट केलेले, प्रत्येकात एक कोर. आधीच्या चारांचंही तेच, म्हणून तर फरक पडेना. त्यावर बिलिंगचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. त्याला मर्यादा 1 सॉकेट किंवा 4 कोर, यातलं जे कमी ते. म्हणजे अख्ख्या फौंड्रीचं बिलिंग एकटा कोर ओढत होता!

आता ही डेटाबेसची अट बघा कशी लिहिलीय. सॉकेट वेगळा, कोर वेगळा, आणि दोन्हीतलं कुठलं लागू होणार तेही एका ओळीत. लिहायचं मनात असलं की लिहिता येतंय. मग त्या मॅन्युअलवाल्यांना काय धाड भरलीय? मर्यादेच्या तक्त्यात सॉकेट, कोर, थ्रेड असे तीन रकाने पाडा. नुसता आकडा टाकला तर तुमचं सॉफ्टवेअर त्याचे सॉकेट करतं का कोर, ते त्याच पानावर सांगा. चाळीस पानं सोडून तळटीपेत नको!

शेवटी 1 सॉकेट, 8 कोर असं केलं. दोन आकडे, अर्धं मिनिट. विंडोजला आठही दिसले, डेटाबेसला चार मिळाले, चलन फटाफट निघाय लागली. आणि मालक ह्यासाठी नवा सर्व्हर घ्यायला निघालेले, राजारामपुरीतनं कोटेशन येऊन टेबलावर पडलेलं.

त्या दिवशी तो टेम्पो गेटमधनं बाहेर पडला रात्री साडेनऊला. ड्रायव्हर दुपारपासून उपाशी. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटर बिघडलाय काय?" बिघडला नव्हता ओ, काहीच बिघडलं नव्हतं.