हाफ टाइम, फ्लशची टाकी आणि साडेसहाशे मिली

फुटबॉल बघताना प्रेक्षकांना दारू पिऊ द्यावी की नाही, यावर जगभरात कायदे झाले, मोडले आणि पुन्हा झाले. त्या सगळ्या वादात दंगल, सुरक्षा, महसूल, प्रायोजक असे भारदस्त शब्द येतात. संडास हा शब्द कुठेच येत नाही. आणि ठाण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आठ जण मॅच बघायला जमले की अख्खा प्रश्न त्या एकाच शब्दापाशी येऊन थांबतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पिऊ द्यावी. पण फुटबॉल हा खेळ पिणाऱ्यांचा विचार करून बनवलेला नाही, हे पिणाऱ्यांनी ओळखून असावं. क्रिकेट तसा बनला आहे. षटक संपलं की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात, शिवाय मैदानावरच सरकारमान्य ड्रिंक्स ब्रेक. क्रिकेट बघणारा माणूस दिवसभर पीत बसला तरी त्याचा एकही चेंडू चुकत नाही. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं सलग, मग नियमाप्रमाणे जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची विश्रांती, मग पुन्हा पंचेचाळीस. वर भरपाईची मिनिटं किती, हे रेफ्रीच्या मर्जीवर.

आता शरीराचा हिशोब बघू. साडेसहाशे मिलीची साधी बाटली, पाच टक्क्यांची. त्यात अल्कोहोल साधारण २५ ग्रॅम. अल्कोहोल मेंदूतल्या त्या संप्रेरकाला गप्प बसवतं, जे मूत्रपिंडाला ‘पाणी धरून ठेव’ असं सांगत असतं. मग मूत्रपिंड पाणी सोडत सुटतं. ढोबळ हिशोब असा, की एका ग्रॅममागे दहा मिली जादा. म्हणजे बाटलीतले साडेसहाशे अधिक अडीचशे, एकूण नऊशे मिली बाहेर पडायला निघतात. मूत्राशयात साडेतीनशे मिलीच्या आसपास साचले की माणूस चुळबुळ करू लागतो. किक-ऑफला पहिला घोट घेतलेल्याची चुळबुळ चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास सुरू होते. हाफ टाइमला पाचच मिनिटं उरलेली असतात, म्हणून तो पायावर पाय टाकून बसतो. दुसरी चुळबुळ पंच्याहत्तर ते पंच्याऐंशीच्या दरम्यान. आणि फुटबॉलमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत सर्वांत जास्त गोल होतात, कारण बचावफळीचे पाय थकलेले असतात आणि हरणारा संघ सगळं सोडून पुढे धावतो. पिणारा बरोबर त्याच वेळी कडी लावून आत असतो.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०२२ साली मुलींच्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपची फायनल झाली. स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं. तो एकुलता गोल ८२ व्या मिनिटाला झाला आणि तोही स्वयंगोल. यापेक्षा जास्त काय सांगावं?

हाफ टाइमचं गणित तर त्याहून क्रूर आहे. दोन बेडरूमच्या घरात कागदोपत्री संडास दोन असतात. पण आतल्या बेडरूममध्ये वहिनी आणि बाळ झोपलेले, त्यामुळे तो प्रदेश निषिद्ध. उरला एक. माणशी दीड मिनिट धरा. फ्लशची टाकी भरायला, पाण्याला जोर असेल तर दोन मिनिटं. आठ जण गुणिले साडेतीन म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. विश्रांती पंधरा मिनिटांची. रांगेतले शेवटचे तीन-चार जण दुसऱ्या हाफची सुरुवात पॅसेजमधून, मान तिरकी करून बघतात. पाणीकपातीचा दिवस असेल आणि वरची टाकी तळाला गेली असेल, तर फ्लशला चार मिनिटं धरा आणि पॅसेजमध्ये खुर्च्या टाका.

यावर उपाय आहे आणि तो अगदी गावठी आहे: बादली. वीस लिटरची बादली भरून मगासकट आत ठेवायची. माणशी तीन-चार लिटर ओतले की काम झालं, टाकी भरायची वाट बघायची नाही. आठ दीडे बारा. तीन मिनिटं शिल्लक राहतात, त्यात हातही धुऊन होतात. एका बादलीत पाच-सहा जणांचं भागतं, म्हणून बादल्या दोन हव्यात. इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण घरातली तिसरी बादली बाटल्या गार करायला लागते. या बादल्यांचे रंग वेगळे ठेवा.

गार करण्यावरून आठवलं. बिअर उशिरा आणायची आणि मग फ्रीझरमध्ये कोंबायची, ही जुनी खोड. काचेची साडेसहाशेची बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नीट गार व्हायला चार-पाच तास घेते. फ्रीझरमध्ये पाऊण तासात होते, पण पाऊण तासाने मॅच रंगात आलेली असते आणि बाटलीची आठवण कुणालाच राहत नाही. पाच टक्क्यांची बिअर शून्याच्या खाली दोन-तीन अंशांवर गोठायला लागते, गोठताना फुगते, आणि काच फुगत नाही. मग मध्यरात्री मटारच्या पिशवीतून काचा वेचत बसायचं. त्यापेक्षा बादलीत बर्फ, बर्फ बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फाने काम होत नाही. बर्फाचे खडे बाटलीला इथे-तिथे टेकतात, पाणी मात्र सगळीकडून बिलगतं. मिठाने ते पाणी शून्याच्याही खाली जातं. मधूनमधून बाटली हाताने फिरवत राहिलं तर पंधरा-वीस मिनिटांत काम फत्ते. हे फिरवण्याचं काम ऑफसाइड न कळणाऱ्याला द्यावं. तोही खूश, आपणही.

चखण्याबद्दल फार बोलत नाही. खारे शेंगदाणे, चणाडाळ, सुका जवळा, जे असेल ते. एवढंच लक्षात ठेवा, की मिठाने तहान लागते, तहानेने घोट वाढतो आणि घोटाने वरचं सगळं गणित पुढे सरकतं. मसाला पापड मागवू नये. पाच मिनिटांत तो मऊ पडतो, त्यातला टोमॅटो गादीवर सांडतो आणि ज्याच्या बोटांना तेल लागलेलं असतं त्याच्याच हातात रिमोट असतो.

आता बाकीच्या जगाने काय केलं ते बघू. स्कॉटलंडमध्ये १० मे १९८० रोजी हॅम्पडेन पार्कवर सेल्टिकने रेंजर्सला कप फायनलमध्ये हरवलं आणि दोन्हीकडचे प्रेक्षक मैदानात उतरून एकमेकांना भिडले. घोडेस्वार पोलीस आणावे लागले. त्याच वर्षी तिथे स्टेडियममध्ये दारूबंदी आली. इंग्लंडने १९८५ साली कायदा केला आणि तो फार मासलेवाईक आहे. स्टेडियमच्या आतल्या बारमध्ये बिअर विकत घ्या, तिथेच उभं राहून प्या, पण जिथून मैदान दिसतं तिथे प्यायची नाही. मॅचसाठी खास काढलेल्या बसमध्येही नाही. त्याच स्टेडियममध्ये दुसऱ्या दिवशी रग्बी असेल, तर तोच माणूस त्याच खुर्चीवर ग्लास घेऊन बसू शकतो. याचा परिणाम काय व्हायचा तोच झाला: किक-ऑफच्या आधी आणि हाफ टाइमला लोक घटाघट ढोसू लागले. २०२१ साली सरकारने नेमलेल्या समितीनेही हेच दुखणं सांगितलं आणि खालच्या स्तरावरच्या सामन्यांत ही अट शिथिल करून बघा, असं सुचवलं.

ब्राझीलमध्ये स्टेडियमात बिअरबंदी होती. २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी २०१२ मध्ये खास कायदा करून ती बाजूला सारली गेली, कारण प्रायोजक बिअरवाला होता. कतारने बरोबर उलटं केलं. स्पर्धा २० नोव्हेंबर २०२२ ला सुरू होणार आणि १८ तारखेला जाहीर झालं, की स्टेडियमच्या आवारात बिअर नाही, फक्त बिनअल्कोहोलची मिळेल. प्रायोजक तोच. लग्नाच्या आदल्या दिवशी केटररला ‘कांदा-लसूण चालणार नाही’ असं सांगण्यासारखं झालं ते. जर्मनीत मात्र बिअर सर्रास चालते, प्लास्टिकच्या ग्लासात, ग्लासाची अनामत घेऊन. गोल झाला की पुढच्या दहा रांगांना अभिषेक होतो. धोक्याच्या सामन्यांना तेवढी हलकी किंवा बिनअल्कोहोलची देतात.

यातला इंग्लंडचा कायदा आपल्या फ्लॅटला लावून बघण्यासारखा आहे. हॉल म्हणजे स्टेडियम, स्वयंपाकघर म्हणजे बार. ओट्यापाशी उभं राहून प्यायची, टीव्हीसमोर ग्लास आणायचा नाही. कागदावर सुरेख दिसतं. सोफा वाचतो, गालिचा वाचतो, गोल झाल्यावर उडालेल्या ग्लासामुळे ओला होणारा रिमोट वाचतो. पण घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांत बिल्डरने ओपन किचन दिलेलं असतं. ओट्यावरून टीव्ही सरळ दिसतो. म्हणजे कायदा पाळायचा तर ओट्यासमोर पडदा लावायला हवा, आणि पडदा लावून प्यायची तर आठ जणांनी एकत्र कशाला जमायचं?

दर वर्ल्ड कपला गच्चीवर प्रोजेक्टर लावायची टूम निघते. ती सेक्रेटरीकाकांपर्यंत पोचली की संपते. आणि काकांचं चुकतंही नाही. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबस्पर्धेची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजता सुरू होते. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे तिथे बाटली उघडली की प्रश्न फुटबॉलचा राहत नाही.

आपल्या राज्याचे नियमही माहीत असलेले बरे. बिअरला वय २१, कडक दारूला २५. प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १०००. आजन्म परवाना घेतलेला माणूस आठात एखादाच सापडतो, आणि तो नेमका लिंबू सरबत पिणारा असतो. बाटल्या संध्याकाळीच आणून ठेवायच्या, कारण मॅच सुरू होईपर्यंत वाइन शॉपचं शटर कधीच खाली आलेलं असतं. तारीखही बघून ठेवायची. मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि २ ऑक्टोबर हे दिवस युरोपातल्या वेळापत्रकाला माहीत नसतात.

एका गोष्टीत मात्र थट्टा नाही. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅम आहे. आठ टक्क्यांची स्ट्राँग एक बाटली, म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाने ती पहिल्या हाफमध्ये संपवली, तर शेवटची शिट्टी वाजते तेव्हाही तो साधारण पन्नासच्या वर असतो. तीसच्या खाली यायला आणखी दोनेक तास. ‘मी एकच घेतलीय रे’ हे वाक्य नाकाबंदीतल्या मशीनला ऐकू येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मॅच तीन-वीसला संपते. किल्ल्या वहिनींच्या डब्यात, गाद्या हॉलमध्ये, आणि वाशी-ऐरोलीकडच्यांनी पहाटेच्या ट्रान्स-हार्बर लोकलची वाट बघायची. ज्याला घोरण्याची सवय आहे त्याला पॅसेजमध्ये झोपवावं, तसाही तो हाफ टाइमपासून तिथेच असतो.

राहता राहिला तो ८२ व्या मिनिटाचा प्रश्न. त्याला एक तोडगा आहे, पण त्यासाठी मॅच मोबाइल ॲपवरून टीव्हीवर घ्यायची, डिशवर नाही. ॲपवरचं चित्र डिशच्या मागे असतं, कधी वीस सेकंद, कधी चाळीस. एरवी याला सगळे शिव्या देतात, कारण समोरच्या बिल्डिंगमधला डिशवाला आधी ओरडतो आणि आपल्याकडे अजून गोलकीपर बॉल हातात घेऊन उभा असतो. पण संडासाची खिडकी नेहमी डक्टमध्ये उघडते, आणि डक्टमध्ये अख्ख्या बिल्डिंगचा आवाज उतरतो. तिसऱ्या मजल्यावरून ‘गोऽऽल’ आला की आतल्या माणसाच्या हातात तीसेक सेकंद असतात. फ्लशची वाट बघायची नाही, बादलीतला मग उचलायचा, पाणी ओतायचं, कडी काढायची. बॉल जाळ्यात जाताना तो सोफ्याच्या मागे उभा असतो. त्याला टाळी मात्र कुणी देऊ नये. हात धुवायला त्या तीस सेकंदांत वेळ मिळत नाही.