बैठकीत चहा आणणारी

तीन वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर बैठक बसली होती. चुलतबहीण दोन महिने माहेरीच होती. तिला नांदायला पाठवायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. तिच्या सासरचे पाच, आमच्याकडचे सहा, अकराही पुरुष. त्यात मीही. तीन तासांत लग्नातल्या मोटरसायकलपासून साखरपुड्यातल्या मानपानापर्यंत सगळं निघालं. बहीण दोनदा चहा घेऊन आली. शेवटी एका काकांनी विचारलं, "जाशी ना आते (आता), माय?" तिनं मान हलवली. झालं, मिटलं! शेवभाजीची पंगत बसली.

हे आज लिहितोय कारण 'कौटुंबिक समुपदेशन' म्हटलं की आमच्याकडे लोक हसतात. "ते पुण्या-मुंबईवाल्यांचं. आपल्याकडे चार जाणती माणसं आहेत ना!" एक मान्य, त्या शब्दातच 'उपदेश' घुसलाय, आणि उपदेशाचा खान्देशात कधी दुष्काळ पडलाय?

पण खरं काम उपदेशाचं नाहीच. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसायला लागल्या. आधी बाईचं एकटीचं ऐकायचं, तिला काय हवंय ते विचारायचं आणि तिची तयारी असेल तरच नवऱ्याला बोलवायचं, ही या कामाची रीत. आम्ही अकरा जणांनी नेमकं उलटं केलं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक आकडा आहे. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली. त्यातही बहुतेकींनी माहेरच्यांकडेच. म्हणजे पोलीस, कोर्ट, सरकारी मदतीचं सखी केंद्र, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर हे सगळं नंतर. पहिली खिडकी आपली ओसरी. आणि त्या खिडकीवर बसलेल्या माणसाला धड ऐकताही येत नाही.

भाऊबंदांनी बसूच नये असं मी म्हणत नाही. रुसवाफुगवा, पैशांची ओढाताण यात चार माणसांचा उपयोग होतो. पण हात उचलला गेला असेल तर 'जुळवून घे' म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. आमच्या बैठकीत हे एकालाही माहीत नव्हतं. मी शिकलेला, मलाही नाही.

आणि समुपदेशनाची सोय जिल्ह्याच्या गावी ठेवून काय उपयोग? अक्राणीसारख्या डोंगरी तालुक्यातल्या पाड्यावरून नंदुरबार गाठायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वर घरी काय सांगायचं? बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक समुपदेशक बसवा. बाजाराला जायला कारण लागत नाही. आणि ती बाई अहिराणी बोलणारी हवी, पाड्यांवर भिली-पावरी. मार खाल्लेलं माणूस प्रमाण मराठीत नाही रडत.

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण आली होती. झोक्यावर एकटीच बसलेली पाहून विचारलं, "त्या दिवशी तुला काय सांगायचं होतं?"

"भाऊ, आते सांगीसन काय व्हई?"

तरी दीड तास बोलली. मधे उठून चहाला निघाली, तिला बसवलं आणि मी केला. साखर विसरलो होतो. ती काही बोलली नाही, प्यायली.